वायरीचे मामलेदार

घरातले नेट गेले की सामान्य संसारी मनुष्य राउटर बंद करून पुन्हा चालू करतो, कंपनीच्या तक्रारकेंद्राशी थोडी हुज्जत घालतो आणि अखेरीस मोबाइलवर भागवून स्वस्थ बसतो. परंतु ठाण्या-डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंतच्या गृहनिर्माण संस्थांमधून असे एक सेवानिवृत्त गृहस्थ हटकून वास्तव्यास असतात, की ज्यांच्या कानी ही वार्ता लिफ्टमध्ये पडताच त्यांना आपल्या निवृत्तीचा हुकूम तूर्तास तहकूब झाल्याचा साक्षात्कार होतो. लहानथोर सारी मंडळी त्यांना काका म्हणतात. काकांची हयात महसूल खात्यात फेरफार तपासण्यात आणि हद्दीचे तंटे मिटवण्यात खर्ची पडलेली असते. संगणकाचे ज्ञान मात्र त्यांनी साठीनंतर, परदेशी गेलेल्या चिरंजीवांनी मागे ठेवलेल्या यंत्रावर, स्वकष्टाने संपादन केलेले असते.

काका रिक्तहस्ते येत नाहीत. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात क्रिंपर, टेस्टर, बॅटरी, वायरीचे तुकडे आणि पारदर्शक क्लिपांची पुडी असा सरंजाम घेऊन ते दारात उभे राहतात, आणि संगणकाकडे ढुंकूनही न पाहता प्रथम घरातल्या माणसांचे जबाब घेऊ लागतात. नेट एकाएकी गेले की येत-जात होते, त्या वेळी यंत्रापुढे कोण बसले होते, टेबलामागून केर कोणी काढला, घरात मांजर आहे किंवा कसे! "कोणी काहीच केलं नाही हो," हा जबाब त्यांनी नोकरीच्या काळात इतक्या इसमांच्या तोंडून ऐकलेला असतो, की तो देणाऱ्याकडे ते चष्म्याच्या वरून केवळ पाहतात. आणि सकाळपासून शाळेत असलेला नातूही उगीचच अपराधी मुद्रा धारण करतो.

वाय-फायविषयी काकांना यत्किंचितही आदर नाही. हवेतून चालणारा कारभार, ज्याचा ना नकाशा ना चतुःसीमा, त्यांना मुळातच संशयास्पद वाटतो. "तूर्त वाय-फायवर चाललंय की," असे यजमान म्हणाले, तर काका ते ऐकून घेतात आणि वायरीचा माग काढू लागतात. कारण वायर ही राउटरपासून निघून सोफ्याच्या मागून, दाराच्या बिजागरीजवळून थेट टेबलापर्यंत पायी फिरून पाहता येते, आणि जे पायी फिरून पाहता येते त्यात दोष असेल तर तो कोठे तरी एका ठिकाणीच असला पाहिजे, यावर त्यांची अढळ श्रद्धा आहे.

मग तपास रीतसर सुरू होतो. प्रथम दिवे. पोर्टाशेजारच्या त्या चिमुकल्या दिव्यांपुढे काका उकिडवे बसतात. दिवा मुळीच लागत नसेल तर गुन्हा तारेत, क्लिपेत किंवा पोर्टात घडलेला आहे, आणि दिवा लागूनही नेट नसेल तर प्रकरण वरच्या कचेरीत अडकले आहे, हा त्यांचा पहिला निष्कर्ष असतो. पुढे काळी खिडकी उघडून ते संगणकाचा पत्ता विचारतात. तो १६९.२५४ ने सुरू होत असला की काकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरते. "राउटरने याला पत्ता दिलेलाच नाही. वाट पाहून पाहून यानं स्वतःच स्वतःला बहाल केलाय. दाखला खोटा नाही, पण चालायचा नाही." त्यानंतर पिंग, तेही आधी १२७.०.०.१ ला, म्हणजे यंत्राने स्वतःलाच हाक मारून पाहायची, मग राउटरला, आणि मगच बाहेरच्या जगाला. पायरी सोडून अर्ज केलेला त्यांना खपत नाही. वीज वाचवण्याच्या सबबीखाली यंत्र कधीकधी आपल्याच नेटवर्क कार्डाला परस्पर झोपवते, हे कळल्यापासून तर तशी परवानगी देणाऱ्या चौकटीतली बरोबरची खूण काढून टाकताना त्यांचा हात संतापाने किंचित थरथरतो.

इकडे यजमानांच्या कन्येची ऑफिसची मीटिंग खोळंबलेली असते. "काका, नवी वायरच आणू या का? किरकोळ किमतीत मिळते," असे ती अजिजीने सुचवते.

"अगं, बिघाड कशात आहे हेच अजून ठरलं नाही, तर बदलायचं काय?"

दुर्दैवाने काकांचे म्हणणे खरे असते, आणि माझ्या मते त्यांचा सहवास जो दुःसह होतो तो याच कारणाने. चुकणाऱ्या तज्ज्ञाला निरोप देणे सोपे असते. कंपनीचा पोऱ्या येऊन राउटर बदलून, सही घेऊन पाच मिनिटांत पसार होतो आणि दोष जागच्या जागी राहतो; काका दुपार खातात, पण दोष शोधून काढतात. बहुधा तो क्षुल्लकच निघतो. क्लिपेची ती प्लॅस्टिकची इवलीशी जीभ मोडलेली असते. क्लिप पोर्टात बसल्यासारखी दिसते, पण टेबलाला धक्का लागला की केसभर मागे सरते. काका बॅटरीच्या उजेडात तो मुद्देमाल प्रत्येकाला स्वतंत्रपणे दाखवतात.

यानंतरचा भाग मात्र खरोखर प्रेक्षणीय. जुनी क्लिप कापून, वरचे आवरण सोलून ते आठ तारांचे पीळ सोडवतात, अंगठ्याच्या नखाने एकेक तार सरळ करतात आणि ओठांतल्या ओठांत "पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी" असा क्रम संध्येतल्या चोवीस नावांप्रमाणे म्हणत त्या ओळीने लावतात. शंभर मेगाबिटच्या वेगाला यांतल्या नारिंगी आणि हिरव्या या दोनच जोड्या राबतात, निळी आणि तपकिरी नुसत्या हजेरीपटावर असतात. हजाराचा वेग हवा असेल तर मात्र चारही जोड्यांना कामाला लागावे लागते. ही माहिती सांगताना काकांना आपल्या जुन्या कचेरीतले काही सहकारी आठवत असावेत, असे त्यांच्या स्वरावरून वाटते. तारांची टोके एका रेषेत छाटली जातात, क्लिपेच्या पुढच्या भिंतीला तांब्याचे आठ ठिपके टेकलेले दिसतात, क्रिंपर 'कट्' करतो, आणि टेस्टरवर एकापासून आठपर्यंतचे दिवे क्रमाने लागू लागतात. घर श्वास रोखून पाहते. आठवा दिवा लागला, की तोवर नाकारलेला चहा काका मागून घेतात, वायरीच्या दोन्ही टोकांना आपल्या हस्ताक्षरात "तपासली. ठीक." अशी चिठ्ठी चिकटवतात, आणि मोडकी क्लिप पुराव्यादाखल डब्यात टाकून निघतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना कुणाच्या तरी हातून टेबल सरकते आणि नेट पुन्हा जाते. यजमान ओशाळत ओशाळत काकांच्या दाराची घंटा वाजवतात. खेदाची एक रेघही काकांच्या मुद्रेवर उमटत नाही. उलट डबा जणू काही दाराशीच ठेवलेला असतो. पायांत चपला सरकवता सरकवता ते विचारतात, "काल आम्ही गेल्यानंतर त्या टेबलाला कोणाकोणाचा हात लागला?"