रजेची शिल्लक

कुटुंब : घटकाभर झाला, लेखणी दातांत धरून आढ्याकडे पाहत बसला आहात. निरोपाच्या समारंभात बोलायचे ते चारच शब्द ना?

कारकून : चारच; परंतु बारनिशीपासून लेखाशाखेपर्यंत प्रत्येक मेजावर ज्याने उभी हयात झिजवली आणि ज्याच्या टिप्पणीच्या तळाशी ‘मान्यतेस्तव सादर’ याहून धाडसी मत कधी कोणास आढळले नाही, अशा मनुष्याने सेवानिवृत्तीनंतर आपणांस कशाकशाची उणीव भासेल हे सांगताना क्रम चुकवून चालत नाही. म्हणून मी अभिलेखांप्रमाणे वर्गवारीच केली आहे. ‘अ’ म्हणजे कायम जतन करावयाचे, ‘ब’ म्हणजे तीस वर्षे ठेवून नष्ट करावयाचे...

कुटुंब : अठ्ठावन्नांत तीस मिळवून पाहिलेत का? ‘ब’ राहू द्या. ‘अ’मध्ये काय आहे?

कारकून : रजा.

कुटुंब : काय म्हणालात?

कारकून : रजा. लाल रुमालात बांधलेल्या दप्तराचा वास, चार वाजताचा चहा, साहेबांच्या घंटीबरोबर शिपायाने न उठणे, ही सारी ‘क’ वर्गातली. रजेचे तसे नाही. नोकरी आहे तोवर रजा आहे. ज्याला कोठे जावयाचेच नाही, त्याने न जाण्याचे सुख कोणत्या आधारावर भोगावे? सोमवारची सकाळ असावी, बाहेर पाऊस कोसळत असावा, पांघरूण अंगाभोवती नीट लपेटलेले असावे, आणि आज जाऊ नये, असा एक मधुर विचार मनात येऊन जावा. आणि मग जावे.

कुटुंब : ‘आणि मग जावे’ हे फार हलक्या आवाजात म्हणालात! जी वस्तू जन्मात चाखली नाही तिची उणीव तुम्हांला भासणार, म्हणजे निर्जळी करणाराने द्वादशीला साबूदाण्याच्या खिचडीसाठी हळहळावे, त्यातलाच प्रकार.

कारकून : चाखली नसेल, पण ती खाती जमा होती. १ जानेवारीस पंधरा दिवस, १ जुलैस पंधरा दिवस, असे अर्जित रजेचे दान न मागता पदरात पडे, आणि त्या हिशेबाकडे पाहून मला जे समाधान वाटे ते प्रत्यक्ष रजा घेऊन वाटले असते की नाही, याची शंकाच आहे. आता तीनशे दिवसांचे रोखीकरण होईल, तेही अखेरच्या मूळ वेतनावर, महागाई भत्त्यासह.

कुटुंब : तीनशे पुरे होऊन तर पुष्कळ वर्षे लोटली. त्यानंतर जी जमा होत गेली तिचे काय झाले?

कारकून : ती लोप पावते.

कुटुंब : लोप पावून कोठे जाते?

कारकून : त्याविषयी नियम मौन धारण करतात.

कुटुंब : म्हणजे त्या वर्षांत तुम्ही घरी बसला असता तर तुमच्या तीनशेंतला एकही दिवस कमी झाला नसता, जे दिवस सरकारही पुसून टाकणार होते, तेसुद्धा तुम्ही घराला दिले नाहीत.

कारकून : देणार कसे? मार्चअखेर म्हणजे अनुदान खर्ची घालण्याचा हंगाम, एप्रिल-मे बदल्यांचे, जूनमध्ये नवे साहेब येणार व त्यांना जुने दप्तर समजावून द्यावे लागणार, पावसाळी अधिवेशन आले की तारांकित प्रश्नांची उत्तरे, आणि ती जेमतेम रवाना होतात तोच हिवाळी अधिवेशनासाठी नागपूर.

कुटुंब : नागपूरला विधिमंडळ जाते, तुम्ही नव्हे. आणि ऑक्टोबरात काय असे?

कारकून : ऑक्टोबरात तसे काही नसे.

कुटुंब : साहेबांनी नाकारली असती?

कारकून : छे! तीच तर धास्ती होती. मागितली असती तर मंजूर झाली असती.

कुटुंब : आणि तुमच्यावाचून पंधरा दिवस कचेरी सुरळीत चालली असती. २०२० साली पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तरी कपाटाची किल्ली घेऊन शनिवारी जात होता ते याच भयापोटी. कुलूप दुसऱ्या कोणाच्या हाताने उघडले तर!

कारकून : तुला शासकीय कामाची कल्पना नाही.

कुटुंब : मला अजिंठ्याचीही नाही. दर चार वर्षांनी महाराष्ट्र दर्शनाची प्रवास सवलत मिळते, हे मला तुमच्याकडून नव्हे, शेजारणीकडून कळले. ती जाऊन आली होती.

कारकून : ठाऊक आहे, ते देयक माझ्याच मेजावरून गेले. जळगाव स्थानकापासून अजिंठा साधारण साठ किलोमीटर, अन् त्यांच्या यजमानांनी अंतर वाढवून लावले होते. मी आक्षेप घेऊन परत केले.

कुटुंब : तुम्हांला अंतर ठाऊक आहे, लेणी ठाऊक नाहीत. भाषणात हेही घाला.

कारकून : थट्टा पुरे. त्या तीनशे दिवसांच्या रकमेतून वर खोली चढवायची आहे, हे तूच ठरवले आहेस.

कुटुंब : रक्कम वाईट आहे असे मी कोठे म्हटले? ते दिवस कोणाचे होते एवढेच विचारते. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा सकाळच्या एस.टी.ने आलात, संध्याकाळच्या एस.टी.ने गेलात, तेही रविवार होता म्हणून. थोरलीच्या बाळंतपणात मी एकटी दवाखान्याच्या बाकावर बसून होते आणि तुम्ही तपासणीचा गोषवारा जुळवत होता. ज्या दिवसांचे आता रोख पैसे होणार, त्यांतला निम्मा हिस्सा माझा होता; विकताना माझी संमती कोणी घेतली?

कारकून : आणि बाळंतपणाचे बिल कोणत्या पैशांतून भागले? मी घरी बसलो असतो तर तुझ्या आईचा ताप उतरला असता काय?

कुटुंब : नसता उतरला. तुम्ही बसला असता, एवढेच.

कारकून : बरे, हा वाद तूर्त तहकूब ठेवू. मला खरे दुःख आहे ते जन्मतारखेचे. आई म्हणे, मी नवरात्रातला. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अर्ध्या वर्गाबरोबर माझाही जन्म १ जूनला करून टाकला, आणि १ तारखेचा मनुष्य आदल्याच महिन्याच्या अखेरीस निवृत्त व्हावा असा नियम असल्यामुळे ३१ मे रोजी मला खुर्ची सोडावी लागत आहे. माझे हक्काचे चार महिने त्या मास्तरांनी बुडवले.

कुटुंब : देव त्यांचे भले करो! तुम्हांला रजेवर पाठवू शकलेला तो एकच मनुष्य.

कारकून : पुढे उरणार काय, तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. वर्षातून एकदा हजर होऊन आपण जिवंत आहोत असे लिहून द्यावयाचे.

कुटुंब : त्या दिवशी तेवढी रजा टाकू नका, निवृत्तिवेतन थांबेल. बाकी, यंदाची किरकोळ रजा किती उरली आहे?

कारकून : आठ.

कुटुंब : आणि वर्षाची असते किती?

कारकून : आठच.

कुटुंब : तिचेही पैसे मिळतात?

कारकून : किरकोळ रजेचे रोखीकरण होत नाही.

कुटुंब : मग उद्या टाका. दोघे मिळून कोठेतरी जाऊ. अजिंठा नको, फार लांब पडेल, बाजारापर्यंत जाऊ.

कारकून : उद्या कार्यभार हस्तांतरणाच्या याद्या करावयाच्या आहेत.

कुटुंब : परवा?

कारकून : परवा समारंभाची सिद्धता. हाराची मागणी नोंदवावयाची आहे, आणि त्या विषयाचा कार्यासनधारक मीच आहे.

कुटुंब : स्वतःच्या गळ्यातील हार स्वतः मागवणार! मग ती आठ दिवसांची रजा केव्हा बुडते, ते तरी सांगा.

कारकून : ३१ मे रोजी, कार्यालयीन वेळ संपताच. सायंकाळी सव्वासहाला.