पेडात पेड

झाडावर चढणारा गडी वेगळा आणि झाडाखाली उभा राहून ‘दोर बघू’ म्हणणारा वेगळा. पाथरीत पहिल्याला शोधत फिरावं लागतं. दुसरा आपण होऊन येतो. आमच्या आळीत तो आबांच्या रूपानं येतो. वय सत्तरीपुढचं, धोतराला खोचलेली बाभळीची टोकदार खुंटी. आळीत कुठंही कुऱ्हाडीचा पहिला घाव पडला की दुसऱ्या घावाच्या आत हजर.

माझ्या परसातल्या लिंबाची (लिंब म्हणजे आमच्याकडं कडुलिंबच) एक फांदी घराच्या पत्र्यांवर आली होती. नगर परिषदेत अर्ज दिला. शहरातल्या घरच्या झाडालाही १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागतो, हे ज्ञानही आबांचंच. परवानगी आली, गडी आला. त्याच्याकडं नायलॉनच्या दोराचे दोन तुकडे होते. ते त्यानं गाठ मारून जोडले. आबांनी वैद्यानं नाडी धरावी तशी ती गाठ दोन बोटांत धरली.

“काय करायलास रे?”

“दोर जोडायलो, आबा.”

“जोडायलास का मोडायलास?”

आबांचं गाठीशी हाडवैर आहे. सरगाठ निदान सुटते तरी, निरगाठ ना सुटते ना सुखानं राहू देते. त्यात दोर एका जागी मुरगळतो. वळणाच्या बाहेरच्या धाग्यांवर सगळा ताण, आतले नुसते बसून. “भावकीवानी! एकजण मरस्तोवर वढतो, बाकीचे बघत्यात.” गाठीपाशी दोराची ताकद निम्म्यावर येऊ शकते, नीट सांधलेला दोर मात्र बहुतेक सगळी राखतो. हे पुस्तकातही आहे, पण पुस्तक इतक्या मोठ्यानं सांगत नाही.

मग आबा मांडी घालून बसले. दोन्ही टोकं हातभर उसवली. इकडचे तीन पेड, तिकडचे तीन, हाताच्या बोटांत बोटं गुंफावीत तसे समोरासमोर बसवले. खुंटीनं पीळ उघडायचा, एक पेड वरून सोडायचा, पुढच्याखालून ओवायचा, ओढून बसवायचा. असे अंबाडीच्या दोराला तीन फेरे. नायलॉनला पाच, कारण ते गुळगुळीत. “शहरातल्या जावयावानी. धरलं म्हणता म्हणता निसटतं.”

हात चालू झाले की तोंडही चालू होतं. चऱ्हाट वळणे या वाक्प्रचाराचे दोन्ही अर्थ एकाच वेळी पाहायचे असतील तर आबांसमोर बसावं. अंबाडी पाण्यात कुजवून वाख कसा काढायचे, पोळ्याआधी कासरे नि वेसणी कशा वळायचे, मोटेचा नाडा कसा सांधायचे, सगळं येतं. पुढं इंजिनं आली, जायकवाडीचा डावा कालवा तालुक्यातून गेला, मोट गेली आणि नाडाही गेला. अंबाडीची आता भाजी तेवढी उरली.

इतिहासही आबा दोरावरच वाळत घालतात. अहमदनगरच्या निजामशहाचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी, म्हणून त्याला हे गाव हवं होतं. वऱ्हाडचा इमादशहा देईना. १५१८ त निजामशहानं ते घेतलंच. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीला शंभर कोटींची घोषणा झाली आणि तिकडं शिर्डी बंद राहिली. दोन्ही प्रकरणांवर आबांचा निकाल एकच: “गाठी मारल्या नुसत्या. पेड उसवायला कुणीबी तयार न्हाई.”

नातवानं मोबाइलवर परदेशातल्या झाडकाप्यांचे दोर दाखवले. बाहेर विणलेलं वेष्टण, आत गाभा. टोकाला डोळा करायचा तर गाभा बाहेर काढून दोन्ही एकमेकांच्या पोटात घालतात. आबांनी तीनदा पाहिलं. “ह्यो दोर न्हाई बाबा. विजारीत नाडी घालायलेत.” मग हळूच म्हणाले, “पण गाठ न्हाई मारली पोरांनी.” परदेशाबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा एकमेव चांगला शब्द.

सांधा झाला. आता परीक्षा. दोर खालच्या जाड फांदीवरून टाकून, बांधून, आबांनी आधी गड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “तुमी जड दिसता. लटका.”

मास्तरकीच्या तीस वर्षांत कमावलेलं वजन घेऊन मी माझ्याच परसात, सगळ्या आळीदेखत, लिंबाला लोंबकळलो. सांधा ढिम्म हलला नाही. माझे खांदे अजून दुखतात.

उतरल्यावर थोड्या सुडानंच विचारलं, “आबा, तुम्ही कितींदा चढलात झाडावर?”

आबा खुंटी पुसू लागले. उत्तर कुडाच्या पलीकडून, त्यांच्या घरातून आलं: “कोण, हे? बाजेवर उभं राहून जळमटं काढताना डोळे फिरत्यात त्यांचे!”

गडी मात्र हसला नाही. आबांच्या सांध्याला एकदा हात लावला, दोर कमरेला घेतला आणि वर गेला.

सांधायला वीस मिनिटं लागली होती, त्या सांध्याच्या हकिकतीला तीन तास. फांदी तासाभरात पत्रा न वाकवता उतरली. मजुरी अख्ख्या दिवसाची पडली आणि ती आबांनी उभं राहून माझ्याकडून गड्याला द्यायला लावली.