'नवीन.हेक्स' पाठवणाऱ्या टॉर्चविक्रेत्यास खुले पत्र

महाशय,

'सप्रेम नमस्कार' लिहायला हात धजत नाही, म्हणून सरळ विषयावर येतो. तुम्ही विकलेली टॉर्च मंचरला माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर निपचित पडली आहे. घोड नदीकाठच्या एका ऊसवाल्याने ती घेतली, ती चारचौघांत मिरवायला नव्हे. रात्रपाळीची थ्री फेज लाईट आली की दारं धरायला जाताना हातात उजेड हवा, म्हणून. त्याला तुम्ही 'अपडेट करून घ्या' असा निरोप धाडलात आणि सोबत 'नवीन.हेक्स' नावाची फाइल. कोणत्या मॉडेलची, कोणत्या तारखेची, एक अक्षर नाही. औषधवाल्याने बाटलीवर नुसतं 'औषध' लिहून दिलं असतं, तर गावाने त्याला दुकान उघडू दिलं असतं का?

टॉर्चमधला अँड्युरिल हा प्रोग्रॅम तुमचा नाही. तो खुला आहे, फुकट आहे, आणि लिहिणाऱ्यांनी प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी फाइल नीट नाव देऊन ठेवली आहे. तुमच्याकडे काम एकच होतं: बरोबर फाइल बरोबर माणसाला देणं. तेवढंही झालं नाही.

फोनवर तुम्ही म्हणालात, 'फाइल घालणाऱ्या पोराचा हात हलला असेल.' तसं होतं, हे मलाही ठाऊक आहे. नळी उघडली की ड्रायव्हरवर, म्हणजे आतल्या सर्किटवर, तीन बारीक ठिपके दिसतात. त्यांवर संगणकाला जोडलेल्या अडॅप्टरच्या स्प्रिंगवाल्या पिना हाताने दाबून धरायच्या असतात: एक विजेची, एक ग्राउंडची, एक डेटाची. संगणक आधी चिप पुसतो आणि मग नवं लिहितो, त्यामुळे मधेच मनगट हललं तर चिप अर्धी कोरी राहते. ठिपके मळलेले असले किंवा यूएसबी केबल नुसती चार्जिंगची असली, तर मुळात चिप सापडतच नाही. पण इथे यातलं काही झालेलं नाही. एव्हीआरड्यूड या संगणकातल्या फाइल लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने चिपची ओळख पटवली, फाइल लिहिली, पुन्हा वाचून ताडून पाहिली आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. तरी टॉर्च लागत नाही, कारण चिप तीच, एटीटायनी१६१६, पण ड्रायव्हर निराळा. एका मॉडेलमध्ये एलईडीला वीज सोडायची ती चिपच्या एका पायावरून, दुसऱ्यात दुसऱ्यावरून. संगणकाला चिप ओळखता येते, टॉर्च ओळखता येत नाही. ती ओळखणं तुमच्याकडे होतं.

ही चिप अजून जिवंत आहे. नवं लिहून घेण्याची तिची वाट प्रोग्रॅममध्ये नसते, चिपच्या घडणीतच असते, म्हणून बरोबर फाइल मिळाली की टॉर्च उठेल. पण बरोबर कोणती? धडधाकट टॉर्च बंद असताना तिचं बटण पंधरा वेळा दाबलं तर ती आपला मॉडेल क्रमांक आणि तारीख उघडझाप करून सांगते. मेलेली काय सांगणार? आणि नळीवर तुमचा लोगो ठसठशीत कोरलाय, मॉडेलच्या चार आकड्यांना मात्र जागा उरली नाही!

आमचा मुलूख तुम्हाला ठाऊक नसेल. कुकडी आणि डिंभ्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्या वस्तीला आला. बिबट्याची मादी फडात पिलं घालते. पकडलेले बिबटे ठेवायला जुन्नरजवळ माणिकडोहला वेगळं केंद्र आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, तेव्हा लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. टॉर्चने बिबट्या पळतो असं मी म्हणत नाही. पण बांधाच्या कडेला चमकणारे दोन डोळे लांबून दिसले, तर माणूस मागे फिरू शकतो. तुमच्या एका बेफिकीर फाइलने हा शेतकरी ऐन रात्रपाळीत अंधारात गेला.

    

तेव्हा मॉडेल क्रमांक आजच्या आज कळवा. यापुढे तो नळीवर कोरा आणि फाइलच्या नावातही घाला.

आणि वाचकहो, कोणीही फाइल पाठवली तरी आधी पंधरा वेळा बटण दाबून क्रमांक वहीत उतरवा, पाठवणाऱ्याकडून तोच क्रमांक लेखी मागा. आणि रात्रपाळीच्या आठवड्यात अपडेटला हातच लावू नका.

आपला,
मंचरचा एक दुरुस्तीवाला