गंगावेशीतला बीटल्सवाला

कोल्हापुरात शोधला तर पेठेगणिक एखादा बीटल्सवाला सापडतो. पंचाहत्तरी उलटलेली, डोक्यावर मोजके केस. तरी कपाळावर झुलपं असल्यासारखी मान अजून झटकतो. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला हातात आला की आधी त्यावर बोटांनी ताल धरतो, फेस बसेस्तोवर वाजवतो, मग पितो. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं आणि बीटल्सचं ‘लव्ह मी डू’ही १९६२ चंच, म्हणून दोन्ही आपल्याच बॅचचे, असा त्याचा हिशेब. घरचे याला पेन्शनीतला चाळा म्हणतात. माझं मत असं, की बीटल्सवर जाडजूड पुस्तकं वाचणाऱ्यांपेक्षा ते यालाच जास्त कळलेत.

आता कुणी म्हणेल, त्याला इंग्रजी येतंय कुठं? खरंय. ओळीचा पहिला शब्द आणि शेवटचं ‘या, या’ एवढंच पाठ. मधलं सगळं तो नाकातून भरून काढतो. पण मुळात त्याची आणि बीटल्सची गाठ इंग्रजीतून पडलेलीच नाही. १९६५ साली ‘जानवर’ सिनेमा आला. ‘आय वाँट टू होल्ड युवर हँड’ची चाल शंकर-जयकिशननी उचलली, रफीनं गायली आणि बीटल्सचं लिव्हरपूल शम्मी कपूरच्या मानेवर बसून कोल्हापुरात आलं. मग ही चोरीच की! चक बेरीचं ‘रोल ओव्हर बीथोव्हन’ बीटल्सनीही घेतलं होतं. अर्थात नाव देऊन. आपल्या जोडीनं तेवढेही कष्ट घेतले नाहीत, हे मान्य केलंच पाहिजे. पण चाल उचलली म्हणून गंमत आपोआप येत नाही. ती शम्मीच्या अंगात होती, आणि आमच्या बीटल्सवाल्यानं नेमकी तीच ओळखली. जाणकारांचा राग वेगळाच: अल्लादियाखाँसाहेबांच्या, देवल क्लबच्या, शास्त्रीय गाण्याच्या गावात हा उथळ धांगडधिंगा? पण मूळ गाणं अडीच मिनिटांच्या आत संपतं. तेवढ्यात टाळ्या, दोघांचे मिळते सूर, मध्येच आवाज चढवणं, आणि ऐकणाऱ्याला हसू. खासबागेत कुस्ती दोन मिनिटांत निकाली झाली म्हणून पैलवानाला कुणी उथळ म्हणत नाही.

एका बाबतीत मात्र तो हट्टी आहे. १९६८ मध्ये बीटल्सचे चौघे ऋषीकेशला महर्षी महेश योगींकडे गेले, तिथूनच पोरं बिघडली, असं त्याचं ठाम मत. दाढ्या वाढल्या, गाणी लांबली. ‘हे ज्यूड’ तर सात मिनिटांच्या वर गेलं. ‘ध्यान करायचं हुतं तर अंबाबाई हाय की हितं!’ इथं तो साफ चुकतो. ‘ओब-ला-डी, ओब-ला-डा’सारखा निव्वळ पोरखेळ त्याच वर्षीचा, आणि तो आकाराला आला ऋषीकेशच्या मुक्कामातच. कुणीतरी हे गाणं त्याला एकदा ऐकवावं. मोबाईलवर नको, मोठ्या स्पीकरवर. त्याला हल्ली कमी ऐकू येतं.