एकखांबी नेटवर्क

अंधेरीच्या एमआयडीसीत कंपनी मजल्यामजल्याने वाढते. सेल्सला माणसं येतात, एचआरला येतात, केबिनला काचा लागतात. नेटवर्कला मात्र एकच गडी: स्विच त्याचे, फायरवॉल त्याची, पासवर्ड त्याच्याच डोक्यात आणि रात्री दोनचा फोनही त्यालाच. दुसरा माणूस मागितला की साहेब विचारतात, "सगळं चालू आहे ना?" चालू असेल तर गरज काय, आणि बंद पडलं तर तुला ठेवलाय कशाला!

४ ऑक्टोबर २०२१ ला देखभालीतल्या एका चुकीच्या कमांडपायी फेसबुक सुमारे सहा तास गायब झालं. तिथे निदान धावायला फौज होती. इथली अख्खी फौज गणपतीला कोकणात जाते आणि घाटात रेंज नसते.

खरं तर खूण सोपी आहे. अपग्रेड दर तिमाहीला पुढे ढकलले जाऊ लागले आणि रात्रीच्या ड्यूटीला लावायला दुसरं नावच नसलं, की भरती करावी. पण मंजुरी मिळते राजीनाम्याच्या दिवशी. मग एकाच्या जागी तिघांची जाहिरात निघते आणि निरोपाचा केक भरवत साहेब म्हणतात, "जाताना तेवढे पासवर्ड लिहून ठेव हं!"