आजोबांचे घड्याळ घरच्या घरी उघडण्याची शास्त्रोक्त पद्धत

साहित्य: कपाटाच्या खणात वीसेक वर्षे बंद पडून असलेले एचएमटीचे ‘जनता’ घड्याळ एक, रिकामा रविवार एक आणि ‘त्यात काय एवढं?’ असे म्हणू शकणारा गृहस्थ एक. पहिल्या दोन गोष्टी महाराष्ट्रात शोधल्या तर सापडतात. तिसऱ्याचा तुटवडा कधीच नव्हता.

घड्याळ एचएमटीचेच असावे, असा आग्रह धरायला कारण आहे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला या घड्याळांचा कारखाना सुरू झाला. मग पुढची कितीतरी वर्षे कुणाला नोकरी लागली, कुणाचे लग्न ठरले, कुणी निवृत्त झाले की मनगटावर एचएमटी चढायचे. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायचे ठरवले. त्यामुळे कंपनीकडे जाऊन नवा भाग मागण्याची सोय आता राहिलेली नाही. गृहस्थाने जे काही मोडायचे ते विचार करून मोडावे.

सुरुवात निदानाने करावी. घड्याळाची चावी पूर्ण भरलेली आहे, पुढे फिरत नाही आणि काटेही हलत नाहीत. यावर घरातली ज्येष्ठ मंडळी एकमुखाने सांगतात, ‘कुणीतरी जास्त चावी दिली.’ हे निदान पिढ्यानपिढ्या चालत आले आहे आणि जवळजवळ नेहमीच चुकीचे असते. चावी पूर्ण भरलेले घड्याळ हे पोट भरलेले घड्याळ असते. उलट त्याने चालायला हवे. ते चालत नाही याचे कारण बहुधा आतले तेल वाळून चिकट झालेले असते. स्प्रिंग जोर लावते, पण चाके चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखी जागची हलत नाहीत.

ती हलत असतात तेव्हा काय होते, हेही माहीत असावे. या घड्याळाचे मागेपुढे झुलणारे चाक, म्हणजे बॅलन्स व्हील, तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचा हिशोब ४,३२,००० होतो. पंचांगात कलियुगाची वर्षेही नेमकी तेवढीच दिली आहेत. आजोबा रोज सकाळी आंघोळीनंतर चावी द्यायचे तेव्हा, त्यांच्या नकळत का होईना, मनगटावर एक अख्खे कलियुग भरून घेत. एवढ्या ठोक्यांत दिवसाला वीस सेकंदांची चूक झाली तरी ते घड्याळ ९९.९८ टक्के बरोबर ठरते. दहावीला एवढे टक्के पडले असते तर पेढे वाटले असते. घड्याळाला मात्र ‘मागं पडतं हो’ एवढेच ऐकून घ्यावे लागते.

तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे लिहिलेले असते. या सतरा खड्यांनी घड्याळजींच्या जातीला जेवढे बदनाम केले आहे तेवढे कशानेच केले नसेल. ‘समोर बसून दुरुस्त करून घे, नाहीतर खडे काढून घेतो,’ हा सल्ला प्रत्येक घरात कुणीतरी दिलेला असतो. ते खडे माणिकच असतात हे खरे, पण कारखान्यात बनवलेले. फ्रान्सच्या वर्नुई या रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीवर कृत्रिम माणिक तयार करण्याची रीत १९०२ साली जाहीर केली. तेव्हापासून घड्याळातले खडे चोरून कुणी बंगला बांधू शकेल अशी परिस्थिती राहिलेली नाही. खड्याचे काम एवढेच की पोलादी आसाचे टोक गुळगुळीत भोकात कमी घर्षणाने फिरावे आणि भोक झिजू नये.

आता उघडणे. मागचे झाकण काही घड्याळांत दाबून बसवलेले असते, काहींत आट्यांचे. दोन्ही प्रकार भाजी चिरायच्या सुरीने उघडता येतात. पहिल्यात सुरी घड्याळावर ओरखडा काढते आणि दुसऱ्यात अंगठ्यावर. जवळ हळद असू द्यावी.

झाकण निघाले की गृहस्थाला पहिल्यांदा ते मशीन दिसते आणि त्याच्या तोंडून ‘वा!’ निघते. इथे थांबले तरी रविवार सार्थकी लागला असे समजावे. पण थांबणारा गृहस्थ या लेखाच्या कामाचा नाही.

यापुढची एक पायरी मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. काहीही सुटे करण्याआधी मुख्य स्प्रिंगमधला जोर उतरवावा लागतो. चावी चिमटीत घट्ट धरायची, थोडी पुढे फिरवायची आणि स्प्रिंगच्या दातेरी चाकाला अडवणारा बारका खटका अणकुचीदार काडीने बाजूला दाबून ठेवायचा. मग चावी बोटांमध्ये हळूहळू उलटी सरकू द्यायची. गुंडाळलेली स्प्रिंग बोटांना खेचत असते, ती ओढ स्पष्ट जाणवते. पतंगाचा मांजा ढिला सोडावा तसे सोडत जायचे. हे न करता पॅलेट काढले, तर चाकांना अडवणारे कुणीच उरत नाही. दीड दिवस पुरायचा जोर काही क्षणांत निघून जातो, घर्र असा आवाज होतो आणि एखाद्या आसाचे केसासारखे टोक मोडून बसते. हा आवाज ज्याने एकदा ऐकला तो पुन्हा विसरत नाही.

स्क्रू फिरवतानाही एक गंमत आहे. बऱ्याच घड्याळांत चावीजवळच्या चाकाचा स्क्रू उलट्या आट्यांचा असतो. तो काढायला नेहमीच्या दिशेने जोर लावला की आणखी आवळतो, आणखी जोर लावला की त्याचे डोके तुटते. चावी काढण्यासाठी सैल करायचा स्क्रू याच्या उलट स्वभावाचा. त्याला दोनेक वळसे पुरतात. उत्साहाने पूर्ण काढला, तर आतला लिव्हर घरंगळतो आणि तबकडीखालचा सगळा पसारा उघडावा लागतो.

यानंतर येते शॉक-स्प्रिंग. बॅलन्सच्या आसाची टोके फार नाजूक. घड्याळ पडले तर मोडू नयेत म्हणून वरच्या खड्याला ही बारीक स्प्रिंग सांभाळून धरते. तबकडीवर ‘पॅरा शॉक’ लिहिलेले असते ते याच व्यवस्थेबद्दल. ही स्प्रिंग खसखशीच्या दाण्याएवढी असेल-नसेल. चिमट्याने धरायला जावे, टोक जरासे घसरावे, आणि ‘टिक्’. तेवढाच आवाज. स्प्रिंग नजरेला दिसत नाही, कशावर आदळल्याचे ऐकू येत नाही, ती फक्त नसते. जाणकार म्हणूनच हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करतात. गृहस्थाला पिशवीची आठवण ‘टिक्’नंतर होते.

शोध घेताना पंखा बंद करावा, केर काढायला आलेल्या बाईंना दारातच थांबवावे आणि बॅटरी जमिनीवर आडवी ठेवून उजेड पाडावा, म्हणजे बारीक वस्तूची सावली लांब पडते. गृहस्थ पलंगाखाली डोके घालतो, वर येताना ते आपटतो, चष्मा घरंगळतो, तो सावरून पुन्हा आत शिरतो. शेवटी फ्रिजवरचे लोहचुंबक फरशीवर फिरवतो. तासाभराने त्याला एक स्क्रू सापडतो. तो शोधत नव्हता, पण सापडला आहे म्हणजे घड्याळातलाच असणार. तो आनंदाने वाटीत टाकला जातो. हेच लोहचुंबक मग मशीनशेजारी टेबलावर विसावते. बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या केसासारख्या हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागले की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ तासाला काही मिनिटे पुढे पळू लागते. चुंबकत्व उतरवायचे छोटे यंत्र काही शे रुपयांत मिळते. ते घेण्याऐवजी बरेच लोक नवीन घड्याळ घेतात.

राहता राहिले तेल. घड्याळजी सगळे भाग सुटे करून पेट्रोलमध्ये धुतो, खड्यांची भोके टोकदार लाकडी काडीने साफ करतो आणि मग सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब ठरलेल्या जागीच ठेवतो. स्विस मोबियस तेलाची दोन मिलिलिटरची बाटली त्याला वर्षानुवर्षे पुरते. दात्यांना तेल नाही, पॅलेटच्या आसाला बहुतेक नाही, हेअरस्प्रिंगला तर चुकूनही नाही. गृहस्थाची पद्धत उदार असते. तो शिलाई मशीनचे तेल सढळ हाताने सोडतो. ते संपले असेल तर खोबरेल आहेच. ते साधारण २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे पुण्यातल्या डिसेंबरमध्ये घड्याळाची वेळ आणि आंघोळीच्या आधीची बाटली एकाच वेळी घट्ट होतात.

तबकडीवर धूळ दिसते म्हणून ओल्या फडक्याने पुसू नये, हे सांगायचे राहिले. छपाई निघते. आता ‘जनता’मधला फक्त ‘ता’ उरला असेल.

शेवटची पायरी: सगळे भाग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून बाजारपेठेतल्या, जिन्याखालच्या त्या अडीच फुटी दुकानात जावे. डोळ्याला भिंग लावलेले म्हातारबुवा डबा उघडतात, आत पाहतात आणि बराच वेळ काहीच बोलत नाहीत.

“साहेब, आधी कुणाकडे दाखवलं होतं?”

“भाचा जरा बघत होता,” असे उत्तर द्यावे. भाचा नसला तरी चालतो.

म्हातारबुवा चिमट्याने एकेक भाग कागदावर मांडत जातात. हे आहे, हे आहे, हे वाकलंय, शॉक-स्प्रिंग नाही. ती जुन्या मशीनमधली काढून देईन, म्हणतात. मग चिमट्यात एक स्क्रू धरून ते उजेडाकडे नेतात, भिंग वर सरकवतात आणि पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नीट बघतात.

“चष्मा काढा,” ते म्हणतात. “काडी पडायला आलीय. हा स्क्रू तिचा आहे.”