थांबलेली गाडी सर्वांत सुरक्षित!

प्रति,
माननीय ग्राहक समाधान विभाग
(कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्याचं त्याला कळेल.)



गिअरबॉक्सचा बिघाड सुरक्षिततेत मोडत नाही, कारण ब्रेक आणि स्टिअरिंग चालूच राहतात, हा आपला खुलासा पोचला. वाचून फार धीर आला. मुंबईच्या ईस्टर्न फ्रीवेवर वडाळ्याजवळ गाडीने ओढणंच सोडलं, तेव्हा हा कागद हाताशी असता तर मागच्या टॅक्सीवाल्याला वाचून दाखवला असता. तो ऐंशीच्या वेगात होता, पण माणूस समजूतदार वाटला. कडेने निघून गेला.

आपल्या भाषेत ही 'किरकोळ गैरसोय'. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, इंजिन बोंबललं, काटा वर चढला आणि चाकांना त्याचा पत्ताच नाही. जवळपास खाली उतरायची सोय नसलेला पूल, बाजूला थांबायला वेगळी पट्टी नाही. हॅझार्ड लावले आणि उरलेल्या वेगावर गाडी डावीकडे घेतली (स्टिअरिंग खरोखरच उत्तम चाललं, आभार!). सोबतच्या सासूबाईंना डाव्या दाराने उतरवून कठड्याच्या कडेने गाडीपासून लांब नेलं. डिकीतला लाल त्रिकोण मागे ठेवायचा म्हणजे अंगावर येणाऱ्या गाड्यांच्या तोंडाकडे चालत जायचं; त्याचा उल्लेख आपल्या पुस्तिकेत इतका शांत आहे की लिहिणारा बहुधा बागेत बसला असावा.

तासाभराने गाडी गुणी बाळासारखी चालू लागली. यात गूढ काही नाही. आपल्या या गिअरबॉक्समध्ये दोन कोरडे क्लच असतात. रांगत्या ट्रॅफिकमध्ये ते सतत अर्धे घसरत राहतात, तापतात. फार तापले की कॉम्प्युटर दोन्ही सोडून देतो. थंड झाले की पुन्हा धरतो. म्हणूनच आपल्या वर्कशॉपने ती सकाळी, वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलचे ट्रेलर हलायच्या आत, फिरवून आणली आणि कार्डावर लिहिलं: 'दोष आढळला नाही.' वर सल्ला मिळाला, रांगत चालवू नका. सायन कोळीवाड्याच्या सिग्नलपासून अँटॉप हिलपर्यंत उडत यावं, असं सुचवायचं असेल तर तसा ऑप्शन आपल्या ब्रोशरमध्ये दिसला नाही.

आपला संबंध नाही, पण सहज आठवलं: २०१३ मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनने गिअरबॉक्सच्या तक्रारींवरून ३,८४,१८१ गाड्या परत बोलावल्या. मार्चमध्ये सरकारी टीव्हीवर कार्यक्रम झाला आणि काही दिवसांत त्यांना ते सुचलं. आमच्याकडे टीव्हीला इतर कामं असतात.

कायदाही आपल्या बाजूने उभा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ नुसार सरकार गाड्या परत बोलवायला लावू शकतं. पण मालकांनी ठरावीक प्रमाणात तक्रारी केल्या, नाहीतर चाचणी संस्थेने वा आणखी कुणी दोष कळवला तर. तोवर बिघडलेली गाडी हलवायची हालचाल न करता रस्त्यात उभी ठेवून वाहतूक अडवली, तर कलम २०१ खाली पाचशे रुपयांपर्यंत दंड ती उभी ठेवणाऱ्यालाच! म्हणजे वाहतूक पोलिसांच्या लेखी बंद गाडी हा अडथळा, आणि एकट्या आपल्या लेखी ती सुरक्षित.

तर विनंती एवढीच. ते प्रमाण एकट्याने भरायला माझ्याकडे एकच गाडी आहे. याच गिअरबॉक्सच्या गाड्या कोणाकोणाला विकल्या, हे आपल्याला ठाऊक असेलच. सर्व्हिसच्या आठवणीचे मेसेज आपण त्यांना न चुकता पाठवता. पुढच्या मेसेजखाली सरकारच्या तक्रार पोर्टलची लिंक जोडावी.

आपला,
अँटॉप हिलचा एक समाधानी ग्राहक